डावा डोळा आभाळाकडे

पुकेल बेट, २ नोव्हेंबर १९९४

सेल्मिरा,

लाँच सकाळी सुटते, म्हणून हे घाईत लिहिते. तब्येत बरी आहे. गुडघा पूर्वीइतकाच दुखतो, त्याचं कौतुक नको. लिहायचं कारण वेगळं आहे. माझ्या निळ्या अंड्यांची सगळी पिल्लं गेली.

रोगानं नाही. सप्टेंबरात खुडूक कोंबडी बसवली, एकूण एक अंडं फुटलं, पिल्लं अशी टणटणीत की बघत राहावं. आणि अंगणात सोडली तशी घारीनं एकेक करून उचलून नेली. मी तिथेच होते, हातात काठी घेऊन. घार खाली येते, तिची सावली पिल्लांवरून फिरते, आणि ही खुळी दाणे टिपत बसलेली. आई जिवाच्या आकांतानं ओरडते, तिकडे लक्ष नाही. कुंपणापलीकडे ओर्फेलिनाची पिल्लं मात्र घार लांबून दिसली तरी झुडपात गडप. घार एकच, आभाळ एकच, मधे चार लाकडांचं कुंपण. तिचं एकही जात नाही आणि माझं एकही राहत नाही. याचा अर्थ तुला शिकलेलीला सांगायला नको.

तिनं ती अंडी बघितली होती. बसवायच्या आधी टोपली टेबलावर होती. ती आली, टोपलीवर वाकली आणि म्हणाली, "कोमाद्रे, काय सुरेख निळी आहेत गं!" आणि हात लावला नाही. एखादी गोष्ट मनात भरली की तिला हात लावायचा, म्हणजे दृष्ट लागत नाही, हे आपल्या बेटावर शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तिनं हात पाठीमागे धरले होते. मी पाहिलं. माझ्या रोसामेलला बाप्तिस्म्याला हातावर घेऊन जी माझी कोमाद्रे झाली ती बाई, आणि अंड्यांना हात लावायला तिला जड झालं.

तू त्या विद्यापीठात कोंबड्यांच्या डोळ्यांचं काहीतरी शिकतेस म्हणून विचारते. दृष्ट लागलेल्या कोंबडीची अंडी पुन्हा बसवली तर चालतात, की कोंबडीच बदलू?

तुझी मावशी,
उबेर्लिंदा


वाल्दिविया, १५ नोव्हेंबर

मावशी,

पिल्लं गेल्याचं वाचून वाईट वाटलं. कोंबडी बदलू नकोस. अंगणावर मासेमारीचं जुनं जाळं ताणून बांध, घारीला तेवढं पुरतं. दृष्टीबद्दल माझं मत तुला माहीत आहे. त्यावरून आई असताना आपण एकदा इतकं भांडलो होतो की सूपावर साय धरली होती. पुन्हा नको.

पण तुझ्या पत्रातला एक भाग मी दोनदा वाचला: सावली फिरते आणि पिल्लं दाणे टिपत राहतात, हा.

मी इथे काय करते ते तू कधी नीट विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही. पिल्लाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. उजव्या डोळ्याला दिसलेलं बहुतेक सगळं मेंदूच्या डाव्या अर्ध्याकडे जातं आणि डाव्या डोळ्याचं उजव्या अर्ध्याकडे. दोन अर्ध्यांची कामं सारखी नाहीत. डावा अर्धा खडा कोणता आणि दाणा कोणता ते निवडतो. उजवा अर्धा नवीन काय आलं, धोका कुठून आला, यावर लक्ष ठेवतो. माझं काम असं की पिल्लाच्या एका डोळ्यावर कागदाची छोटी टोपी चिकटवायची, खडे आणि दाणे मिसळून पुढे टाकायचे आणि वरून दोरीवर पुठ्ठ्याची घार ओढायची. मग पिल्लू काय करतं ते बघायचं. चांगलं पिल्लू उजव्या डोळ्याने दाणे टिपतं आणि मधूनच मान तिरकी करून डावा डोळा आभाळाकडे लावतं.

तुझ्या पिल्लांसारखी वागणारी पिल्लंही आमच्याकडे असतात. कोणती, ते आत्ता सांगत नाही. सांगितलं तर तू उत्तर माझ्या सोयीचं देशील. एवढंच कळव, की यंदा कोंबडी कुठे बसवली होतीस? दरवर्षीच्याच जागी का? काही वेगळं केलं असशील तर तेही लिही.

सेल्मिरा


पुकेल बेट, २९ नोव्हेंबर

सेल्मिरा,

पुठ्ठ्याची घार दोरीवर ओढायला सरकार पगार देतं हे मी ओर्फेलिनाला सांगितलं असतं, तर ती हसून हसून खाली बसली असती. पण तिच्याशी मी बोलत नाही. जाळं बांधलं होतं. त्यात माझाच पाय अडकला, म्हणून काढलं.

जागेचं विचारलंस. दरवर्षी कोंबडी स्वयंपाकघरात खिडकीखाली खोक्यात बसते. यंदा बाईसाहेबांनी अंड्यांवर डोळा टाकल्यावर मी धोका घेतला नाही. खोकं जिन्याखालच्या कोठीत नेलं. दार लावून घेतलं, फटींत चिंध्या कोंबल्या आणि वरून तुझ्या काकांचा काळा लोकरी पोंचो घातला. कोंबडीला खायला-प्यायला बाहेर काढायची तीसुद्धा अंधारात चाचपडत, आणि पोंचो लगेच परत. अंडी फुटेपर्यंत कुणाच्या नजरेस एक अंडं पडलं नाही. माझ्यासुद्धा नाही. याहून जास्त काळजी कुणी घेईल का सांग.

इथे ओर्फेलिनाच्या घराचं चाललंय. समुद्र कडा खात खात तिच्या पडवीपर्यंत आला. पडवीचा एक कोपरा आता हवेत आहे. मे महिन्यात हिवाळ्याची वादळं सुरू व्हायच्या आत घर ओढून वर, चर्चमागच्या तिच्या तुकड्यावर नेलं नाही, तर घर खाली जाणार. म्हणून मिंगाला या, सगळे मिळून घर ओढू, अशी ती घरोघर विनवणी करत फिरली. एलिएसेरनं सांगितलं, बैलाचा खूर सुजलाय. बार्रियांनी दारच उघडलं नाही, आणि धुराड्यातून धूर निघत होता. अख्खं घर ओंडक्यांवरून ओढायचं म्हणजे बेटावरच्या सगळ्या जोड्या लागतात. तिला एक बैल मिळाला नाही. लोक बोलतात. मी कुणाकुणाचं तोंड धरू? लोकांना डोळे आहेत.

पुंता आरेनासहून रोसामेलचं पत्र आलं. धर्ममातेला नमस्कार सांग म्हणतो. मी सांगितला नाही.

एक विचारायचं राहिलं. काम झाल्यावर त्या टोपीवाल्या पिल्लांचं तुम्ही काय करता?

उबेर्लिंदा


वाल्दिविया, १० डिसेंबर

मावशी,

अंधार. तुझ्या पिल्लांसारखी वागतात ती अंधारात उबवलेली पिल्लं.

अंड्यातल्या शेवटच्या दिवसांत पिल्लू मान वळवून बसतं. डावा डोळा त्याच्या स्वतःच्या अंगाशी दाबलेला असतो, उजवा कवचाकडे. कोंबडी उठते, अंडी फिरवते, चरायला जाते. तेवढ्यात कवचातून थोडा उजेड आत झिरपतो आणि तो उजव्या डोळ्यालाच मिळतो. तेवढ्या उजेडाने मेंदूचे दोन अर्धे आपापलं काम वाटून घेतात. पूर्ण अंधारात ठेवलेली पिल्लंसुद्धा निरोगी निघतात. वजन तेवढंच, नजर चांगली. नुसते दाणे दिले तर दाणे निवडतात, नुसती घार दाखवली तर पळतात. दोन्ही एकदम आलं की गडबडतात, कारण दोन्ही अर्धे एकाच कामात हात घालतात आणि दुसरं काम कुणाचंच राहत नाही.

हे आमच्या खोलीत दिसलेलं आहे, तुझ्या अंगणात नव्हे. त्यामुळे खात्री करून घे. पुढच्या वेळी अर्धी अंडी खिडकीखाली बसव आणि अर्धी कोठीत. बाकी सगळं सारखं ठेव. दाणे तेच, अंगण तेच.

तुला आवडणार नाही तरी लिहिते. दृष्ट लागू नये म्हणून तू जो बंदोबस्त केलास, त्यानेच पिल्लं गेली असावीत. ओर्फेलिनाबाईंचा यात संबंध दिसत नाही. त्यांची कोंबडी उजेडात बसली, एवढंच.

आणि एक. लोक बोलतात असं तू लिहितेस. ती टोपली तुझ्या स्वयंपाकघरात होती आणि तिथे तुम्ही दोघीच होतात. लोकांना कुणी सांगितलं?

सेल्मिरा


पुकेल बेट, ४ जानेवारी १९९५

सेल्मिरा,

तू विचारलंस त्याचं उत्तर मी देत नाही. मी पिल्लांचं विचारलं होतं, त्याचं तूही दिलं नाहीस. फिट्टंफाट.

खिडकीखाली अंडी ठेवणार नाही. माझ्या स्वयंपाकघरात दिवसभर माणसांची ये-जा. कुणाची नजर कशी, मला काय माहीत? पण तुझं अर्ध्या-अर्ध्याचं मला पटलं. मी असं केलं: अर्धी अंडी माझ्या कोठीत पोंचोखाली, आणि अर्धी ओर्फेलिनाकडे. तिचीही कोंबडी खुडूक झालीये. तिथे उजेड पाहिजे तेवढा आणि तिचे डोळेही पाहिजेत तेवढे. तिची नजर वाईट असेल तर अंडी तिथेच कुजतील किंवा पिल्लं लुळी निघतील. नसेल तर नसेल. एकदाचा सोक्षमोक्ष.

तिच्याकडे गेले तेव्हा म्हटलं, "माझी कोंबडी लहानखुरी. सगळी अंडी तिच्या पोटाखाली मावत नाहीत." सप्टेंबरनंतर तिच्या दारात पहिल्यांदाच उभी होते. ती म्हणाली, "आण की. उंबऱ्यात का उभी? ये, मातेचा चहा घे गरम गरम." मी म्हटलं, "नको, चुलीवर दूध ठेवलंय." चुलीवर काही नव्हतं. आतून समुद्राचा आवाज येत होता, अगदी जमिनीखालून आल्यासारखा. तिथे झोपते कशी कोण जाणे.

रविवारी प्रार्थना सुटल्यावर मी सगळ्या बायांना सांगितलं, की अंडी अशी अशी वाटली आहेत, आता प्रत्येकीनं आपल्या डोळ्यांनी येऊन बघायचं. नंतर कुणी म्हणायला नको, उबेर्लिंदानं बनाव केला. माझ्या पिल्लांच्या पायाला काळा दोरा बांधणार, तिच्याकडच्यांना पांढरा. बार्रियांची सून म्हणाली, "मी तर रोज येऊन बघणार." सगळ्यांना मोठी उत्सुकता आहे. तुझ्या विद्यापीठात एवढे लोक जमत असतील का?

उबेर्लिंदा


वाल्दिविया, १९ जानेवारी

मावशी,

तू केलंस ती परीक्षा नाही, खटला आहे. आणि खटला म्हणूनही तो चुकीचा आहे.

मी म्हटलं होतं, उजेड सोडून बाकी सगळं सारखं ठेव. तू दोन गोष्टी एकदम बदलल्यास, उजेड आणि ओर्फेलिनाबाई. आता तिच्याकडची पिल्लं जगली काय किंवा मेली काय, ते उजेडामुळे की तिच्यामुळे, हे कुणाला सांगता येणार? ज्याला जे हवं ते तो उचलेल. माझ्याकडे पहिल्या वर्षाच्या मुलाने असं केलं असतं तर मी त्याला सगळं परत करायला लावलं असतं. तू मात्र सगळ्या बेटाला साक्षीला बोलावलंस.

जे झालं ते झालं. निदान एवढं कर. पिल्लं मोठी झाली की दाणे टाक आणि ती टिपत असताना झाडू घेऊन एकदा त्यांच्या डाव्या बाजूने जा, एकदा उजव्या बाजूने. पांढऱ्या दोऱ्याची आणि काळ्या दोऱ्याची कशी वागतात ते स्वतः बघ. दुसऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नकोस, माझ्याही.

पिल्लांचं विचारलं होतंस. बहुतेक आम्ही मारतो. मेंदू उघडून बघावा लागतो. आधी लिहिलं नाही, कारण लिहावंसं वाटलं नाही.

पडवीचा कोपरा हवेत आहे असं लिहिलं होतंस. आता कुठवर आलं?

सेल्मिरा


पुकेल बेट, २३ फेब्रुवारी

सेल्मिरा,

तू मला पहिल्या वर्षाच्या पोराच्या रांगेत बसवलंस, ते मी आठवडाभर विसरले नव्हते. आता विसरले, कारण सांगण्यासारखं खूप आहे.

दोन्हीकडची अंडी फुटली. तिच्याकडची कुजली नाहीत, लुळी नाहीत. बाया रोज येऊन बघायच्या आणि जरा हिरमुसून जायच्या. मग मी सगळी पिल्लं एकाच अंगणात सोडली, माझ्याच. पाव दिवसही गेला नाही आणि घार आली. कुंपणाशी बार्रियांची सून, एलिएसेरची बायको, आणखी दोघी-तिघी उभ्या. ओर्फेलिनाही होती, तिच्या बाजूला. पांढऱ्या दोऱ्याची पिल्लं घार झाडाच्या शेंड्याशी असतानाच लाकडांच्या ढिगात शिरली. काळ्या दोऱ्याची टिपत राहिली. घारीनं त्यातलं एक नेलं. पुढच्या दिवसांत आणखी नेली. पांढऱ्या दोऱ्याचं एकही नाही. एकदा तर घार पांढऱ्यांवर आली, ती सगळी एका क्षणात नाहीशी झाली, आणि घार रिकाम्या पायांनी ओर्फेलिनाच्या डोक्यावरून मागे फिरली.

मग मी झाडू घेतला. लोक गेल्यावर, एकटीनं. पांढऱ्या दोऱ्याची दाणे टिपत होती. उजवीकडून गेले तर पार जवळ जाईपर्यंत चालू. डावीकडून गेले तर झाडू लांब असतानाच पळाली. परत केलं, तसंच. मग लक्षात आलं की मधेमधे ती मान तिरकी करतात, डावा डोळा वर. एवढीशी चिमणीएवढी डोकी, आणि आत दोघं बसलेत, एक जेवतो आणि एक पहारा देतो. काळ्या दोऱ्याच्यांना डावं-उजवं काही नाही. कुठूनही जा, उशिराच कळायचं. मी त्यांच्यापाशी झाडू टाकून खाली बसले. सेल्मिरा, मी त्यांना पोंचोखाली ठेवलं होतं गं. मीच.

दुसऱ्या दिवशी ओर्फेलिनाकडे गेले. आत बसले, माते घेतलं. विचारलं, "त्या दिवशी हात मागे का धरले होतेस?" ती म्हणाली, "कुठल्या दिवशी?" मी सांगितलं. ती म्हणाली, "शिंपले सोलून आले होते सरळ. तसल्या हातानं तुझी अंडी धरायची? तूच ओरडली असतीस." मी असतेच ओरडले.

रविवारी चर्चमध्ये मी उभी राहून तुझं डिसेंबरचं पत्र वाचून दाखवलं, अंड्यातल्या डोळ्याचं सगळं. शेवटचं वाक्य सोडून. कुणी हसलं नाही. सगळे कान देऊन ऐकत होते. त्याच दुपारी ओर्फेलिना पुन्हा मिंगासाठी फिरली, मी बरोबर गेले. पडवी गेलीये, आता चूल आहे ती भिंत कड्याला टेकलीये. आणि काय सांगू, एकानंही नाही म्हटलं नाही! एलिएसेरच्या बैलाचा खूर बरा झालाय. बार्रिया दोन जोड्या देतो म्हणाले, आम्ही तोंड उघडायच्या आत. मार्चच्या शेवटच्या शनिवारी घर हलणार.

उबेर्लिंदा


वाल्दिविया, ८ मार्च

मावशी,

मी पत्रांत असलं काही लिहीत नाही, पण तुझं पत्र मी जिन्यात बसून वाचलं आणि रडले. कुणी विचारलं तर सर्दी झाल्याचं सांगितलं.

गेली चार वर्षं मी दाणे, खडे आणि पुठ्ठ्याची घार यांत घालवली. याचा कुणाला उपयोग आहे का, हा प्रश्न मी मनात येऊ देत नव्हते. आणि लोकांना नीट दाखवलं तर त्यांना पटतं, यावर तर माझा विश्वास उडत चालला होता. जानेवारीत मी तुला जे फटकारलं ते मागे घेते. दोन गोष्टी एकदम बदलल्या तरी माणसं नेमकी बरोबर गोष्ट उचलू शकतात, असं दिसतंय. मी लोकांना कमी लेखलं.

झाडू घेऊन तू जे पाहिलंस, ते मला पहिल्यांदा दिसायला दोन महिने लागले होते.

मिंगाला यायची फार इच्छा होती. परीक्षा त्याच आठवड्यात आहे. ओर्फेलिनाबाईंना माझा नमस्कार सांग, आणि रोसामेलचाही. जेवणात माझ्या वाटचा कुरांतो तू खा. सगळं झालं की सविस्तर लिही.

तुझी,
सेल्मिरा


पुकेल बेट, ७ मे

सेल्मिरा,

तुझी दोन पत्रं पडून आहेत. उत्तर द्यायला हात उठत नव्हता. आता देते.

घर हललं. आधी ते सांगते, म्हणजे तुला घोर नको. वादळं सुरू व्हायच्या आधी हललं, आणि एप्रिलच्या भरतीत जुन्या जागेचा कडा पूर्ण खाली गेला. ओर्फेलिना जिवंत आहे, छपराखाली आहे.

त्या शनिवारी सगळे आले. पलीकडच्या बेटावरूनही लाँच भरून आले. मी आजवर पाहिलेल्या कुठल्या मिंगाला इतके बैल नव्हते. मी कमरेला फडकं बांधून ओर्फेलिनाबरोबर कुरांतोसाठी खड्ड्यात दगड तापवत होते, शिंपले, डुकराचं मांस, बटाटे, बटाट्याच्या किसाचे मिल्काव, सगळं थरावर थर. सफरचंदाची आंबवलेली चिचा तिनं पिंपभर आणली होती. कुठून आणली, किती दिवस त्यासाठी राबली, मला सांगितलं नाही.

पण मिंगाला गोंगाट लागतो. तू लहानपणी पाहिलंयस, एकमेकांच्या बैलांची टर, बायकांच्या आरोळ्या, दोर तुटला की शिव्या. त्या दिवशी नुसता ओंडक्यांचा आवाज. माणसं खाली मान घालून ओढत होती. ओर्फेलिना पाणी घेऊन गेली की माणसं तोंड वळवून "नको, तहान नाही" म्हणायची. मी म्हटलं, दमलेत. मग एलिएसेरची जोडी माझ्या जवळून गेली आणि मी पाहिलं, बैलांच्या शिंगांना लाल दोरा. मागच्या जोडीलाही होता. सगळ्याच जोड्यांना होता. नजरेपासून बैल वाचावेत म्हणून लाल दोरा बांधतात, हे तुला माहीत आहे. आपल्या घरीही बांधायचे.

घर नव्या जागी टेकलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आम्ही कुरांतोवरची पानं काढली, वाफ वर गेली, वास सगळ्या टेकडीवर पसरला. आणि माणसं जू सोडून निघाली. बार्रियांची सून म्हणाली, गाई पिळायच्यात. पलीकडचे म्हणाले, भरती निघून जाईल. मी धावत जाऊन एलिएसेरला गाठलं.

"अरे, निघालास कुठे? सकाळपासून ओढतोयस. पोट नाही का तुला?"

"आहे ना. म्हणूनच निघालो."

"मग आलास कशाला?"

"नाही म्हणायची सोय होती का, उबेर्लिंदा? नुसतं बघून जी बाई घारीला माघारी धाडते, ती माझ्या बैलांचं काय करील?"

"मेल्या, मी पत्र वाचून दाखवलं होतं ना! उजेडानं होतं ते!"

"ऐकलं की. सगळ्यांनी ऐकलं. उजेड काय, सगळ्यांच्याच अंगणात आहे. घार फिरली ती तिच्या डोक्यावरून. तूच बोलावलं होतंस आम्हाला बघायला." आणि जाता जाता म्हणाला, "आणि तूच तर पहिल्यांदा सांगितलंस. चर्चच्या पायरीवर, ऑक्टोबरात."

तू डिसेंबरात विचारलं होतंस त्याचं हे उत्तर. आणि जानेवारीत तू बरोबर होतीस, मार्चमध्ये चुकलीस. बरोबर होतीस तेच धरून ठेव.

मी परत आले. अख्ख्या बेटाचं जेवण वाफाळत होतं आणि ओर्फेलिना एकटी उभी होती, हातात डाव. तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं, तिला काही माहीत नाही. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी अंडी घेऊन दारात उभी राहिले तेव्हाही, "माते घे" म्हणाली तेव्हाही. मला लाज वाटली. आयुष्यात अशी वाटली नव्हती.

तिनं एक ताट भरलं, काठोकाठ, आणि माझ्यापुढे धरलं.

"ज्या तोंडानं सांगितलंस कोमाद्रे," ती म्हणाली, "त्याच तोंडानं आता खा."

मी खाल्लं. खाली उतरणारी माणसं वळणावरून मागे बघत होती. मी उभ्यानंच खाल्लं, सगळ्यांना दिसेल असं. मग तिनंही घेतलं आणि माझ्या शेजारी बसली. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघीच होतो. उरलेलं डुकरांना घातलं, ते करताना ती थोडी रडली.

तू आणखी एक पत्र लिहू नकोस चर्चमध्ये वाचायला. वाचून काही होत नाही. आता दर रविवारी प्रार्थना सुटली की मी तिच्याकडे जेवते. घर चर्चच्या मागेच आहे, घरी जाताना सगळ्यांना तिथूनच जावं लागतं. मी खिडकीशी बसते आणि मोठे मोठे घास घेते. अजून आत कुणी आलेलं नाही. मागच्या रविवारी एलिएसेरची बायको बाहेर जरा रेंगाळली होती, पण गेली.

बोलायला मला एक रविवार लागला होता. हे किती रविवार चालेल, मला माहीत नाही. तिच्या हातचा मिल्काव तसा कच्चाच राहतो, पण मी तिला सांगत नाही, दुसरा मागून घेते.

उबेर्लिंदा